आल्मेडा : एका अरबी शब्दाचा प्रवास

ठाण्यात आल्मेडा रोड आहे. वांद्र्याला आल्मेडा पार्क आहे. वसईत तर हे आडनाव जागोजागी भेटते. बी.एड. करीत असताना माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीणही वसईची आल्मेडाच होती. माझे सारे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले, तर ती मराठी शाळेतून आलेली. आम्हां दोघींचे जमले ते पाठाच्या टाचणवह्यांमुळे. तिचे मराठी शुद्धलेखन पक्के होते आणि मला तक्ते बरे रंगवता येत असत.

रमजानचे दिवस होते. एका मोकळ्या तासाला मी कोपऱ्यात बसून तिलावत करीत होते. संपल्यावर तिने विचारले, ‘आज काय वाचलेस?’ मी म्हटले, ‘सूरह अल-माइदा.’ ती चमकून म्हणाली, ‘अगं, हे तर माझे आडनाव!’ आम्ही दोघी पोटभर हसलो. तिचे ऐकण्यात काहीतरी चुकले असावे, असे मला वाटले. पुढे शाळेत नोकरी लागली, इतिहासाचे तास घेऊ लागले, त्या निमित्ताने वाचन वाढले आणि तेव्हा कळले की माझ्या मैत्रिणीचे ऐकणे अजिबात चुकलेले नव्हते. अल-माइदा आणि आल्मेडा हा एकच शब्द आहे. कुरआनमध्ये तो पाचव्या सूरहचे नाव आहे. युरोपात तो आधी एका गावाचे नाव झाला, गावावरून आडनाव झाला आणि ते आडनाव जहाजात बसून आपल्या कोकणात आले.

पठाराचे नाव

माइदा म्हणजे वाढलेले ताट, मांडलेला दस्तरखान, मेज. हजरत ईसा (अ.स.) यांच्या हवारींनी आकाशातून दस्तरखान उतरावा अशी विनंती केली, तो प्रसंग ज्या सूरहमध्ये आला आहे तिला ह्याच शब्दावरून नाव मिळाले, हे आपल्याकडे मक्तबात जाणाऱ्या मुलांनाही ठाऊक असते.

इ.स. ७११ मध्ये तारिक बिन झियाद समुद्र ओलांडून स्पेनच्या भूमीवर उतरला. त्यानंतरच्या काही वर्षांत आजच्या स्पेन आणि पोर्तुगालचा बहुतेक भाग मुस्लिम सत्तेखाली आला. ह्या मुलुखाला अरबांनी अंदलुस म्हटले. अरबी बखरींत तारिकची एक गंमतीची हकीकत आहे. टोलेडोच्या परिसरात त्याला हजरत सुलेमान (अ.स.) यांचे म्हणून एक रत्नजडित मेज सापडले. ते जिथे सापडले त्या ठिकाणाला काही बखरकार ‘मदीनत अल-माइदा’ म्हणजे मेजाचे शहर म्हणतात. तारिकचा वरिष्ठ मूसा बिन नुसैर याने ते मेज हिसकावून घेतले आणि खलीफा वलीदसमोर आपणच मिळवल्याचे सांगितले. तारिकने मात्र त्याचा एक पाय आधीच काढून लपवून ठेवला होता. भर दरबारात त्याने तो पाय पुढे केला आणि खरे-खोटे झाले. ही दंतकथा आहे. इतिहास म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. माइदा हा शब्द अंदलुसच्या अरबांच्या तोंडी किती रुळलेला होता, एवढे मात्र तिच्यातून कळते.

आपल्या आल्मेडाचा मेजाच्या खजिन्याशी काही संबंध नाही. त्याचे मूळ जमिनीच्या आकारात आहे. पोर्तुगालच्या पूर्व सीमेवर, ग्वार्दा जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर एक सपाट पठार आहे. पाचगणीच्या पठाराला इंग्रजांनी टेबललँड म्हटले, त्याच न्यायाने ह्या पठाराला अरबी बोलणाऱ्यांनी अल-माइदा म्हटले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीज जिभेवर त्याचे ‘आल्मैदा’ झाले. सीमेपलीकडे स्पेनच्या सामोरा प्रांतातही आल्मेइदा दे सायागो नावाचे गाव आहे. त्यामुळे हे आडनाव मुख्यतः पोर्तुगीज असले तरी स्पॅनिश मुलुखालाही परके नाही.

पोर्तुगीज भाषेत असे अरबी शब्द शेकड्यांनी आहेत. शिंप्याला ते आल्फायाते म्हणतात, तो आपला अल-खय्यात. उशीला आल्मोफादा म्हणतात, ती अल-मिखद्दा. आरंभीचा ‘अल’ त्यांनी वेगळा काढलाच नाही, शब्दात शिवून टाकला. पुढे हीच भाषा आपल्याकडे आली आणि मराठीला पगार, चावी, बटाटा आणि पाव देऊन गेली. शब्दांना वेशीवर कोणी दाखला विचारीत नाही.

आल्मेइदा गाव अनेक हातांतून गेले. मुसलमानांकडून ते ख्रिस्ती राजांकडे आले आणि १२९७ च्या आल्कान्यिसेस तहाने पोर्तुगालच्या दीनिश राजाला मिळाले. सतराव्या शतकात तिथे बारा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचा किल्ला बांधायला घेतला गेला. २६ ऑगस्ट १८१० रोजी फ्रेंचांच्या वेढ्यात त्याच्या दारूकोठाराचा स्फोट झाला आणि शेकडो माणसे मेली. गाव आजही त्या तटबंदीच्या आत नांदते आहे.

‘द’ आणि ‘कर’

गावाचे आडनाव कसे झाले, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण गावाच्या नावापुढे ‘कर’ लावतो, पोर्तुगीज लोक गावाच्या आधी ‘द’ लावतात. चिपळूणचा तो चिपळूणकर, तसा आल्मेइदाचा तो ‘द आल्मेइदा’. मध्ययुगात एका सरदार घराण्याने हे नाव धारण केले. पूर्वजाने मूरांकडून, म्हणजे मुसलमानांकडून, आल्मेइदाचा किल्ला जिंकला आणि त्यावरून नाव पडले, अशी त्या घराण्याची परंपरागत कथा आहे. कथा खरी धरली, तर जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या भाषेतले नाव आपल्या माथी बिरुदासारखे मिरवले, असा तिचा अर्थ होतो.

त्या भाषेच्या वाट्याला पुढे काय आले? डिसेंबर १४९६ मध्ये पोर्तुगालचा राजा मानुएल याने ज्यू आणि मुसलमान अशा दोघांनाही देश सोडण्याचा हुकूम काढला. मुसलमानांना जाऊ दिले गेले. ज्यूंना मात्र १४९७ मध्ये बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला. बाप्तिस्म्यात जुनी नावे गेली आणि नवी पोर्तुगीज नावे मिळाली. त्याच १४९७ साली ह्याच मानुएलने वास्को द गामाला हिंदुस्थानकडे रवाना केले आणि १५०५ मध्ये आपला पहिला व्हाइसरॉय नेमून धाडला. त्याचे नाव फ्रान्सिस्को द आल्मेइदा. आबरांतेशच्या पहिल्या काउंटचा हा मुलगा ग्रॅनाडाच्या अखेरच्या युद्धात मुसलमानांविरुद्ध लढलेला होता. अरबी बोलणाऱ्यांना घराबाहेर काढणाऱ्या राजाचा प्रतिनिधी म्हणून जो माणूस पूर्वेकडे आला, त्याच्या आडनावात अरबी ‘अल’ शाबूत होता.

चौल आणि दाभोळ

माझे आजोळ दाभोळच्या खाडीकाठचे. त्यामुळे पुढचा भाग लिहिताना हात जरा थांबतो.

फ्रान्सिस्को वाटेत किल्वा आणि मोंबासा ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची मुस्लिम शहरे लुटून सप्टेंबर १५०५ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पोचला. त्याचा तरुण मुलगा लोरेन्सो त्याच्याबरोबर होता. हिंदी महासागरातला व्यापार तोवर अरब, गुजराती, कोकणी, मलबारी अशा सगळ्यांचा होता. पोर्तुगीजांना तो परवान्याखाली आणायचा होता. त्याला तोंड देण्यासाठी इजिप्तच्या मामलुक सुलतानाने अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार पाठवले आणि दीवचा कारभारी मलिक अयाज त्याला येऊन मिळाला. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत गाठ पडली. लोरेन्सोचे जहाज माघार घेताना मासेमारांनी रोवलेल्या खुंटांत अडकले. तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. डोलकाठीशी बसून तो हुकूम देत राहिला आणि तिथेच मारला गेला. जे पोर्तुगीज जिवंत हाती लागले, त्यांना मलिक अयाजने नीट वागवले, ह्याची नोंद पोर्तुगीज इतिहासकारांनीच करून ठेवली आहे.

मुलगा गेलेल्या बापाने सूड घ्यायचे ठरवले. वर्षअखेरीस तो आरमार घेऊन उत्तरेकडे निघाला आणि डिसेंबर १५०८ च्या शेवटच्या दिवसांत दाभोळवर उतरला. दाभोळ तेव्हा आदिलशाहीतले भरभराटीचे बंदर होते. चौलच्या लढाईत ह्या गावाचा हात नव्हता. फ्रान्सिस्कोच्या माणसांनी बायका, मुले, म्हातारे असा भेद न करता कत्तल केली आणि शहर जाळले. तिथून तो दीवला गेला. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी त्याने मामलुक, गुजरात आणि कालिकत यांच्या एकत्र आरमाराचा पराभव केला. समुद्रावरची सत्ता कोणाची, हे त्या दिवशी ठरले.

दाभोळ पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकातली आदिलशाही काळची शाही मशीद, जिला आम्ही अंडा मशीद म्हणतो, तिच्या अंगणात लहानपणी सुटीत मी खेळले आहे. १५०८ ची गोष्ट मात्र मला आजोळी कोणी सांगितली नव्हती. ती मी पुस्तकात वाचली आणि वाचताना पहिल्यांदा आठवण झाली ती बी.एड.च्या माझ्या मैत्रिणीची. खरे सांगते, क्षणभर तिचे आडनाव मला खटकले. ह्या खटकण्याची नंतर लाज वाटली आणि मग मी ह्या आडनावाचा माग काढायचे मनावर घेतले.

फ्रान्सिस्कोची अखेर आधी सांगून टाकते. अधिकार आल्बुकर्कच्या हाती देऊन तो मायदेशी निघाला. वाटेत दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी पाणी भरायला जहाजे थांबली. तिथल्या खोईखोई लोकांशी त्याच्या माणसांची कुरापत झाली, त्यांनी गुरे आणि मुले पळवण्याचा प्रयत्न केला आणि १ मार्च १५१० च्या चकमकीत फ्रान्सिस्कोसह पन्नासहून अधिक पोर्तुगीज मारले गेले. ज्या डोंगराच्या पायथ्याशी हे घडले त्याचा माथा सपाट आहे. सात वर्षे आधी, १५०३ मध्ये, एका पोर्तुगीज कप्तानानेच त्याला ‘केपचे मेज’ असे नाव दिले होते. आज जग त्याला टेबल माउंटन म्हणते. ज्याच्या आडनावाचा अर्थ मेज, तो मेजाच्या पायथ्याशी पडला. आपल्या आडनावाचा अर्थ त्याला ठाऊक असेल असे वाटत नाही.

नाव गेले, रक्त गेले नाही

फ्रान्सिस्कोचा मुलगा चौलला मेला. मग वसई-गोव्यातले एवढे आल्मेडा आले कोठून? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तिथे आणि गोव्यात सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवे नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे, म्हणजे त्या विधीला साक्षीदार म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज माणसाचे किंवा पाद्रीचे लागे. धर्मपिता आल्मेइदा असेल तर घर आल्मेडा झाले. शेजारचे घर परेरा झाले, त्यापलीकडचे डिसोझा. शेत तेच राहिले, विहीर तीच राहिली आणि बोलीही तीच राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण आडनावे राहिली. म्हणजे माझ्या मैत्रिणीचे पूर्वज दाभोळ जाळणारे नव्हते. ते माझ्या पूर्वजांसारखेच ह्याच किनाऱ्याचे होते.

जगात इतरत्रही ह्या आडनावाची अशीच वाटचाल झाली. लुईश द आल्मेइदा (१५२५–१५८३) हा लिस्बनचा शस्त्रवैद्य धर्मांतरित ज्यू घराण्यातला. तो गोव्यामार्गे जपानला गेला, तिथे जेझुइट झाला आणि १५५७ मध्ये आजच्या ओइता शहरात त्याने पाश्चात्त्य पद्धतीचे रुग्णालय काढले. ओइतात त्याच्या नावाचे रुग्णालय आजही आहे. जुवांव फेरैरा द आल्मेइदा (१६२८–१६९१) हा कॅथलिक घरात जन्मून प्रोटेस्टंट झाला आणि त्याने बायबलचा पोर्तुगीज तर्जुमा केला. त्यापायी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याचा पुतळा जाळला. एकच आडनाव, पण ईमान वेगळे, पेशा वेगळा, नशीब वेगळे.

ब्राझीलमध्ये हे नाव आणखी एका वाटेने पसरले. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना बाप्तिस्मा देत आणि मालकाचे आडनाव त्यांना चिकटे. माही जमातीचा एक गुलाम मानुएल जोआकिम द आल्मेइदा नावाच्या गुलामांच्या जहाजाच्या कप्तानाकडे होता. सुटका झाल्यावर तो जोआकिम द आल्मेइदा ह्या नावाने आफ्रिकेत परतला आणि आजच्या बेनिनमधल्या अग्वे गावी मोठा व्यापारी झाला. दुःखाची गोष्ट अशी की त्यानेही गुलामांचाच व्यापार केला. १८५७ मध्ये तो वारला. बेनिन आणि टोगोमध्ये आज द आल्मेइदा हे प्रतिष्ठित घराण्यांचे आडनाव आहे.

ह्या परतलेल्या लोकांत मुसलमानही होते. जानेवारी १८३५ मध्ये, रमजानच्या महिन्यात, ब्राझीलच्या साल्वादोर शहरात आफ्रिकी मुसलमान गुलामांनी आणि मुक्त झालेल्यांनी उठाव केला. पोलिसांना त्यांच्याजवळ अरबीत लिहिलेले कागद सापडले. उठाव मोडला गेला, काहींना देहान्त शासन झाले, काहींना फटके बसले आणि पुष्कळांना आफ्रिकेला पाठवून देण्यात आले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्राझीलहून परतलेल्यांची जी वस्ती झाली, तिच्यात नमाज पढणारी आणि पोर्तुगीज आडनावे लावणारी कुटुंबे आहेत. बेनिनच्या पोर्टो-नोव्हो शहरातली विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली मोठी मशीद समोरून पाहिली तर ब्राझीलचे चर्चच वाटते, कारण बांधणाऱ्यांनी इमारतीचा तोच घाट पाहिलेला होता. आपल्याकडे कोणी मशिदीची कमान पाहून तिच्याखालची जमीन कोणाची हे सांगू लागला, तर मला पोर्टो-नोव्होची ही मशीद आठवते.

उरलेला प्रवास थोडक्यात सांगते. क्यूबात १९५६ साली कॅस्ट्रोबरोबर ग्रान्मा बोटीतून उतरलेला कृष्णवर्णीय क्रांतिकारक हुआन आल्मेइदा. २०२२ चे बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या श्रीलंकेच्या शेहान करुणातिलक यांच्या कादंबरीचा नायक माली आल्मेडा. आणि ज्या माद्रिद शहराचा पाया नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अमीर मुहम्मदने किल्ला बांधून घातला, त्याच शहराचे २०१९ मध्ये महापौर झालेले मार्तिनेस-आल्मेइदा.

वर्गातला प्रश्न

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी पोर्तुगीजांचा पाठ शिकवीत होते. ओघात आल्मेडाची गोष्ट निघाली. एक हुशार मुलगा उभा राहिला आणि डोळे चमकावत म्हणाला, ‘मिस, यानी के ये लोग पहले मुसलमान थे?’ वर्गात खुशीची लाट उसळली. मला त्या मुलांची खुशी समजत होती. ज्यांना रोज आपले मूळ सिद्ध करावे लागते, त्यांना जगाच्या दुसऱ्या टोकाला आपला एखादा शब्द भेटला की हरवलेला नातेवाईक सापडल्यासारखे वाटते. अंदलुसबद्दल उर्दूत आपण जे वाचत आलो, त्यात हा गहिवर आहेच.

तरीही मी ‘नाही’ म्हटले. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एका ओळीत फडणीस, पारसनीस, मुजुमदार. दुसऱ्या ओळीत पाटील, देशमुख, सुर्वे, दळवी. पहिल्या ओळीतल्या नावांत अरबी-फारसी शब्द आहेत. फडणीस म्हणजे फर्दनवीस, पारसनीस म्हणजे फारसीनवीस, मुजुमदार म्हणजे मजमूअदार. ती घरे हिंदू आहेत. दुसऱ्या ओळीतली नावे आपल्या ह्याच वर्गाच्या हजेरीपटावर आहेत. मी विचारले, ‘आता कोण कोणाचा, सांगा.’ मुले गप्प झाली. मग तोच मुलगा म्हणाला, ‘मिस, नाम से पता नहीं चलता.’

धडा एवढाच होता. आडनाव हा वंशाचा पुरावा नाही. ते कधी गावाचे असते, कधी कामाचे, कधी धर्मपित्याचे, कधी मालकाचे. आम्हां बायकांचे तर निकाहनंतर कागदोपत्री एका दिवसात बदलते. ‘तुझे आडनाव असे, म्हणजे तुझा आजा अमुक होता, म्हणजे तू तमुक झाले पाहिजेस,’ ही भाषा आपल्याशी बोलली जाते तेव्हा ती आपल्याला टोचते. मग तीच भाषा आपण आल्मेडांशी कशी बोलावी? ते आपले होते म्हणून हक्क सांगणे चूक, आणि त्यांच्या नावाच्या माणसाने दाभोळ जाळले म्हणून त्यांना जाब विचारणे त्याहून चूक. दाभोळची कत्तल विसरायची नाही. ती कत्तल ज्यांनी केली त्यांच्या नावे मांडायची, त्यांचे नाव ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्या नावे नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी वसईला मैत्रिणीला फोन केला. तीही आता शिक्षिका आहे. तिला सारे सांगितले, दाभोळही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अर्थ काय म्हणालीस माझ्या आडनावाचा?’

मी म्हटले, ‘दस्तरखान.’

‘मग ये ना जेवायला,’ ती म्हणाली. ‘कधी येतेस?’